'जाळू नये' लिहिलेलं फडकं

कपोल्यासमोरच्या तारेवर माझं लाल फडकं वाळत होतं.

एक नव्हे, दोन. स्वच्छ धुतलेली, पिळून टाकलेली. दोन्हींवर मार्करने 'जाळू नये' असं लिहिलेलं होतं. धुण्यात ते पुसट झालं होतं, पण वाचता येत होतं. अक्षर माझंच. ही फडकी ऑफिसच्या व्हरांड्यात रेकॉर्डच्या दोन बंडलांना बांधलेली असायला हवी होती. मी हातातली बॅग तिथंच वाळूवर टाकली आणि ओरडलो, "मामा, ह्या फडक्यांतली बंडलं कुठं आहेत?"

मारुतीमामा आमचे कपोला मिस्त्री. कपोला म्हणजे फाउंड्रीतली उंच, उभी भट्टी. तळाला लाकडं पेटवायची, त्यावर कोक नावाचा कोळसा, त्यावर लोखंड. कोक नीट पेटला की ब्लोअरने खालून हवा सोडायची आणि मग लोखंडाचं पाणी होतं. मामा वाकून तळाच्या तोंडातून आत बघत होते. आतून धूर येत होता.

"बंडलं व्हय?" मामा म्हणाले. "ती काय, लाकडांवर टाकतुय की. तुमीच म्हणलासा न्हवं, जुना कागद कपोल्यात घाला म्हणून?"

मी तसंच म्हणालो होतो. माझ्या तोंडचं पाणी पळालं ते म्हणूनच.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी पर्सोनेल ऑफिसर होतो. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. हजेरी, पगार, रजा, पीएफ आणि कुणी कोर्टात गेलं तर कंपनीच्या वतीने तारखेला जाऊन उभं राहणं, असं माझं काम. त्यातच रेकॉर्ड रूमची किल्लीही माझ्याकडं. कारखान्यात ज्या खोलीत कुणालाच जायचं नसतं तिची किल्ली पर्सोनेलकडं देतात.

लोकांना वाटतं, कागद जपणं हेच रेकॉर्डचं काम. तसं नाही. वेळेवर नष्ट करणं हाही त्याचाच भाग. प्रत्येक कागदाला कायद्याने मुदत दिलेली असते. हजेरीपुस्तक, म्हणजे मस्टर, शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षं. कंपनीच्या हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं. मुदत संपली की यादी करायची, वरिष्ठांची सही घ्यायची, दोघांसमोर कागद नष्ट करायचा आणि तसं रजिस्टरला लिहून ठेवायचं. म्हणजे कागद जाळला याचाही कागद ठेवायचा. माझं आडनाव कांबळे, म्हणून आमचे मालक आप्पासाहेब त्या रजिस्टरला 'कांबळ्याची मर्तिकाची वही' म्हणत.

पण या मुदतीला एक अपवाद असतो. एखाद्या कागदावरून वाद सुरू झाला, कोर्टाची नोटीस आली, की मुदत थांबली. मग तीन वर्षं होवोत नाहीतर तेरा, तो कागद हलवायचा नाही. अशा बंडलांना मी लाल फडकं बांधत असे. त्या वर्षी अशी दोनच बंडलं होती आणि दोन्ही धोंडिरामच्या केसची.

धोंडिराम फेटलिंगला होता. साच्यातून निघालेल्या जॉबच्या कडेला नको असलेलं लोखंड लागून येतं, ते ग्राइंडरवर घासून काढायचं म्हणजे फेटलिंग. धुळीचं, आवाजाचं, अंगमेहनतीचं काम. आमच्याकडं टेंपररी माणसाला काही महिने घ्यायचं, मग ब्रेक द्यायचा, मग परत घ्यायचं, अशी पद्धत होती. बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस भरले की कायद्याने त्याला नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय काढता येत नाही. ते भरू नयेत म्हणून हा खटाटोप. धोंडिरामला असाच एका ब्रेकनंतर परत घेतला नाही. तो कामगार न्यायालयात गेला. त्याचं म्हणणं, माझे दिवस भरलेत. कंपनीचं म्हणणं, भरलेले नाहीत. न्यायाधीशांनी कंपनीला सांगितलं, दोन्ही वर्षांची मस्टर दसऱ्यानंतरच्या तारखेला हजर करा.

मधल्या काळात धोंडिराम कबनूरला यंत्रमागावर कामाला लागला होता. एकदा गेटवर भेटला. ग्राइंडर धरणारा माणूस, मागावर त्याचा हात बसत नव्हता आणि तिथला मालक रोज शिव्या घालत होता. मला म्हणाला, "सायेब, माझ्याकडं कागुद न्हाय, पावती न्हाय. हजेरी तुमच्याच हापिसात लागत हुती. तेवढं पुस्तक जपा, मग कोर्ट काय म्हणंल ती म्हणंल."

"पुस्तक कुठं जात नाही," मी म्हणालो होतो.

आता ते पुस्तक कपोल्यात गेलं होतं.

झालं होतं असं. दसऱ्याआधी सगळा कारखाना धुऊनपुसून रंगवायची रीत. रेकॉर्ड रूमलाही चुना मारायचा म्हणून बंडलं व्हरांड्यात काढली. जाळायची एका भिंतीला, लाल फडक्याची दुसऱ्या भिंतीला. त्या दिवशी अष्टमी. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे यंत्रांची पूजा. भट्टीला, लेथला, अगदी पान्यांनासुद्धा हळदकुंकू लागतं आणि त्याखाली लाल कापड लागतं. मामांनी कारखान्यात होती नव्हती तेवढी लाल फडकी गोळा केली. त्यात माझी दोन. बंडलं उघडी पडू नयेत म्हणून त्यांनी ती सुतळीने घट्ट बांधली आणि जागेवर ठेवली. चुना मारणाऱ्यांना भिंत हवी होती. त्यांनी सुतळीची सगळी बंडलं एका ढिगात लोटली.

मला हे सुचायला हवं होतं, असं नंतर बरेच जण म्हणाले. आमच्या घरी खंडेनवमी नसते. आम्ही बौद्ध. दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. पूजेच्या दिवशी मी कधी कारखान्यात थांबलेलोच नव्हतो, तर आदल्या दिवशी लाल कापडाला एवढा भाव येतो हे कळणार कसं? त्या दुपारचीही नागपूरची तिकिटं माझ्या खिशात होती. सकाळी पीएफ ऑफिसचं काम उरकून मी कारखान्यात आलो होतो, तो यादीवर टिक करत एकेक बंडल आत घालायला आणि मग थेट स्टेशन गाठायला. मामांना सांगून गेलो होतो, मी आल्याशिवाय हात लावू नका. पण भट्टी लवकर गार झाली पाहिजे, तर उद्या पुजता येईल, म्हणून मामांनी घाई केली.

"मामा, थांबवा. काही टाकू नका आत."

मी हातगाडीवर राहिलेली बंडलं उपसायला लागलो. सुतळी तोडायची, आत बघायचं, बाजूला टाकायचं. जुनी गेटपासची पुस्तकं. कॅन्टीनची कुपनं. स्टोअरच्या चिठ्ठ्या. तळाशी एक बंडल सापडलं. धोंडिरामला काढलं त्या वर्षाचं मस्टर. पूर्ण शाबूत. मी ते छातीशी धरलं. त्याच्या आदल्या वर्षाचं मात्र गाडीवर नव्हतं.

कोर्टाला लागणारे बारा महिने दोन्ही पुस्तकांत पसरलेले होते. एकाने भागणार नव्हतं.

"आत दिसतंय का बघा, मामा. लांबडं बंडल."

मामा खाली बसले. "दिसतंय की. कडंला हाय. लाकडाच्या वर पडलंय. कड धराय लागलीया."

"पाणी मारा."

"येडं का खुळं, सायेब? आत पाणी घातलं तर वाफंनं तोंडावर ईल सगळं. आकड्यानं वडून बघतो." मामा आकडा आणायला वळले. आकडा म्हणजे टोकाला वाकवलेली लांब सळई.

तेवढ्यात आप्पासाहेब आले. आरडाओरडा त्यांच्या केबिनपर्यंत गेला होता. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. माणूस वाईट नव्हता. खंडेनवमीला सगळ्या कामगारांना पंगतीत बसवून स्वतः वाढायचा. पण कोर्टाचं नाव काढलं की त्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. एकाला परत घेतलं तर काढलेले बाकीचेही रांग लावतील, ही त्यांची धास्ती.

मी झालेलं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे धोंड्याचं मस्टर आत हाय?"

"एक आहे. मामा काढतायत."

आप्पासाहेब कपोल्याकडं बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कांबळे, मग राहू द्या की."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आवं, आपण मुद्दाम केलंय का? तुम्ही फडकं बांधलं हुतं, ह्यांनी पूजेला सोडलं. कोर्टाला सांगू, चुकून जळालं. ह्यात खोटं काय हाय?"

खरं सांगतो, त्या वाक्यात मला पहिल्यांदा खोट सापडेना. मी फडकं बांधलं होतं. मामांनी चांगल्या मनाने सोडलं होतं. कुणाचाही डाव नव्हता. मी जरा उशिरा आलो असतो तर आप्पासाहेब म्हणत होते तेच घडलं असतं आणि तेच मी शपथेवर सांगितलं असतं. मामा आकडा घेऊन माझ्याकडं बघत उभे. आत कागद जळत होता.

"साहेब," मी म्हणालो, "आत्तापर्यंत ती चूक होती. आता तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, मामांना माहीत आहे. इथून पुढं जे जळेल ते आपण जाळलं. कोर्टात दाखवायचा कागद तिथं पोचू नये म्हणून नष्ट केला, तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दंड विधानात कलमच आहे तसं. पहिलं नाव माझं, दुसरं तुमचं."

"कोण सांगणार हाय कोर्टाला?"

"विचारलं तर मी."

आप्पासाहेबांचा चेहरा लाल झाला. "पगार कोण देतं तुम्हाला? धोंड्या का मी?"

घराचं कर्ज नुकतंच काढलेलं होतं. मला भीती वाटत होती आणि रागही येत होता.

"मामा," आप्पासाहेब म्हणाले, "ब्लोअर चालू कर. हवा सोड."

हवा सोडली की आतला कागद दोन मिनिटांत राख. ब्लोअरचं बटण मामांच्या हाताशी होतं. मामांनी बटणाकडं बघितलं, मालकांकडं बघितलं.

"न्हाय, मालक."

"काय म्हणलास?"

"उद्या ह्याच भट्टीला नारळ फोडायचाय मला. तुमीच येणार पूजंला. हिच्या तोंडात एकाच्या पोटाचा घास घालायचा आन् सकाळी हळदकुंकू लावायचं? मला जमणार न्हाय. फडकं मी सोडलंय. बंडल मीच काढणार."

असं म्हणून मामा जमिनीवर आडवे झाले. भट्टीच्या तोंडाशी गाल नेऊन आकडा आत घातला. एकदा निसटला. दुसऱ्यांदा सुतळीत अडकला, आणि सुतळी जळून तुटली. मामांच्या भुवया करपल्याचा वास आला. तिसऱ्यांदा त्यांनी आकडा बंडलाच्या मागं टाकला आणि सगळं लाकडासकट बाहेर ओढलं. मी त्यावर वाळू टाकली. माझ्या बुटाचा तळ चिकटायला लागला तरी पाय देऊन उभा राहिलो.

घट्ट बांधलेला कागद लवकर जळत नाही. मामांची सुतळी इथं कामाला आली. आमचं मस्टर लांब पानांचं, एका बाजूला छापलेलं आणि डावीकडं शिवलेलं होतं. शिवणीच्या बाजूला नावं. ती वाचली होती. महिन्याचे बहुतेक दिवस वाचले होते. उजवीकडची कड मात्र गेली होती. म्हणजे प्रत्येक महिन्याचे शेवटचे दिवस जळाले.

मी तिथंच, मोल्डिंगच्या पेटीवर कागद ठेवून पंचनामा लिहायला बसलो. काय होतं, कुठं ठेवलं होतं, फडकं कुणी का सोडलं, काय जळालं, काय वाचलं. मालक ब्लोअरबद्दल काय म्हणाले ते लिहिलं नाही. हवा सुटलीच नव्हती. मामांनी सावकाश सही केली. आप्पासाहेब हात मागं बांधून उभे.

"मी सही करणार न्हाय."

"साहेब, सही केलीत तर ही चूक ठरेल. नाही केलीत तर लोक तिला दुसरं नाव देतील."

तेवढ्यात वॉचमन पळत आला. ऑफिसमध्ये माझा फोन. बायको स्टेशनवरच्या एसटीडी बूथवरून बोलत होती. "गाडी लागलीय. आई डब्यात बसल्यात. तुम्ही कुठं?"

"तुम्ही पुढं जा. मी उद्याच्या गाडीनं येतो."

"काय झालं?"

"रेकॉर्ड जळालं."

"मग आता जळालंच आहे तर या की," ती म्हणाली. तिचंही बरोबरच होतं.

परत आलो तेव्हा पंचनाम्यावर आप्पासाहेबांची सही होती. ते केबिनमध्ये निघून गेले होते. मामा भुवयांना खोबरेल चोळत बसले होते.

कोर्टाच्या तारखेला मी शाबूत मस्टर, जळकं मस्टर, पंचनामा, मर्तिकाची वही आणि ती दोन फडकी घेऊन गेलो. धोंडिराम मागच्या बाकावर होता. जळकं पुस्तक टेबलावर ठेवलं तेव्हा तो उठून उभाच राहिला. माझ्याकडं त्याने ज्या नजरेने बघितलं ती मला आजही नकोशी वाटते. त्याचे वकील तर तुटूनच पडले. "साहेब, मालकांचं नशीब बघा. जाळलं ते नेमकं हेच! आणि म्हणे लाल फडकं!"

न्यायाधीशांनी मामांची साक्ष घ्यायचं ठरवलं.

"फडकं तुम्ही सोडलं?"

"व्हय. देवाला पायजे हुतं."

"त्यावर लिहिलेलं वाचलं नाही? 'जाळू नये' असं लिहिलंय."

"वाचलं की," मामा म्हणाले. "मी कुठं जाळलं? धुऊन घेतलं."

कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीशही हसले, पण लगेच सावरून त्यांनी विचारलं, "बाहेर का काढलंत मग? राहिलं असतं आत तर कुणाला कळलं असतं?"

मामांनी एकदा आप्पासाहेबांकडं बघितलं. आप्पासाहेब चपलेकडं बघत होते. मामा खोटं बोलणार नव्हते आणि खरं सांगितलं असतं तर मालक आत गेले असते.

"भट्टीला कळलं असतं की," मामा म्हणाले.

न्यायाधीशांनी पुढं विचारलं नाही. मर्तिकाची वही मात्र पानन् पान चाळली. सगळ्या वर्षांच्या याद्या, सह्या, तारखा जिथल्या तिथं. या दोन बंडलांची नावं जाळायच्या यादीत कुठंही नव्हती. कंपनीने मुद्दाम पुरावा नष्ट केला, हा आरोप त्यांनी मान्य केला नाही.

निकाल लागला तो असा. शाबूत हजेऱ्या मोजल्या तर दोनशे चाळीसला थोड्या कमी पडत होत्या. जळालेले दिवस धरले तर भरत होत्या. न्यायाधीशांनी लिहिलं, रेकॉर्ड सांभाळण्याची जबाबदारी कंपनीची होती. तिच्या हातून जे जळालं त्याचा फायदा तिला मिळणार नाही. जळालेले सगळे दिवस कामगार हजर होता असं धरलं जावं. धोंडिरामला कामावर परत घ्यावं.

परतीच्या वाटेवर आप्पासाहेब गाडीत बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "कांबळे, जळालं नसतं तर मी जिंकलो असतो?"

"काय माहीत, साहेब. भरलेही असते."

"आन् सगळंच जळालं असतं तर?"

"तर सगळेच दिवस त्याचे धरले असते. शिवाय आपण दोघं आज या गाडीत नसतो."

त्यांनी काच खाली केली. "तुमची ती वही," ते म्हणाले, "चालू ठेवा." माझी नोकरी राहिली हे मला असं कळलं.

धोंडिराम कामावर आला, पण माझ्याशी मोजकंच बोलायचा. पुस्तक कुठं जात नाही, असं मी त्याला म्हणालो होतो आणि ते गेलं होतं. मी काय समजावणार? पुढच्या वर्षी अष्टमीला मी याद्या घेऊन बसलो होतो. तो ऑफिसच्या दारात आला. अंगावर फेटलिंगची धूळ, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. टेबलावर ठेवलं. नवं कोरं लाल कापड होतं.

"पूजेचं इथं का आणलंस? मामांकडं दे."

"मामांला दिलंय येगळं," तो म्हणाला. "हे तुमच्या बंडलांला. मामांनी माझ्या गळ्याची आन घितलीया, हे सोडणार न्हाय म्हणून."

मी कापड घेतलं, त्याला चहा सांगितला. पहिल्यांदाच तो समोरच्या खुर्चीवर बसला.

ते कापड मी बंडलांना बांधलं नाही. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी मी गोदरेजचं कपाट मागून घेतलं होतं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं. वादातलं रेकॉर्ड तेव्हापासून कुलपात असे आणि किल्ली माझ्या खिशात. रंगावर, कापडावर, कुणाच्या आणेवरही रेकॉर्ड सोडू नये. कापड घरी आहे. रिटायर झालो त्या दिवशी मर्तिकाची वही नव्या ऑफिसरच्या ताब्यात दिली आणि तसं लिहून सही घेतली. कापडाची नोंद मात्र कुठंच केली नाही.